दोन पाण्यांमधला स्प्रिंट

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. टेबलाच्या खणात पेनांची टोपणं साठतात तसे ते साठत जातात आणि एक दिवस खण उघडेनासा होतो. परवा पुण्याहून आलेल्या एका मैत्रिणीला मी आमच्या ऑफिसातला एक किस्सा सांगायला गेले, तर तिनं एकामागून एक करत संध्याकाळपर्यंत मला उठू दिलं नाही. म्हटलं, खण एकदा रिकामाच करून टाकू.

आधी आम्ही कोण ते सांगते. बीडमध्ये पाण्याच्या जळालेल्या मोटारी नवी तार भरून देणाऱ्या, म्हणजे रिवाइंडिंगच्या, एका दुकानाच्या माडीवर आमची खोली आहे. तिथं आम्ही चौघं बसतो. अझहर आमचा मुख्य प्रोग्रॅमर. खालचं दुकान त्याच्या वडिलांचं. जोगदंड सर तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले. सुमित मूळचा गेवराईचा, पण पुण्यात नोकरी करून आलेला, आणि तिथून येताना एक सर्टिफिकेट घेऊन आलेला. चौथी मी, प्रज्ञा.

आम्ही केलेल्या ॲपचं नाव ‘आलं का?’. आमच्याकडं एवढे दोन शब्द पुरतात. काय आलं, असं कुणी विचारत नाही. नळाला पाणी काही दिवसांनी येतं आणि नेमकं कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून ज्याच्या नळाला पाणी आलं त्यानं ॲपमधलं ‘आलं’ हे बटण दाबायचं, की भागातल्या बाकीच्यांच्या फोनवर निरोप जातो. एवढंच ते ॲप. त्यातून ते ओपन सोर्स. म्हणजे त्याचा सगळा कोड इंटरनेटवर उघडा. कुणीही बघावा, सुधारावा, हवा तर घेऊन जावा.

*

हे ‘उघडं’ प्रकरण अझहरच्या वडिलांना समजावण्यात एक अख्खी दुपार गेली. त्यांना सगळे अब्बाच म्हणतात. ते जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार सोडवत ऐकत होते.

“म्हणजे दुकान उघडं टाकून घरी जायाचं?”

“हौ अब्बा,” अझहर म्हणाला.

“अन् कुणी माल नेला तर?”

“नेऊ द्या की. त्यानं नेला तरी आपला तेवढाच राहतो.”

अब्बांचा हात थांबला. “अन् त्यानं नेऊन बिघडवला तर?”

“तर त्याचा बिघडला. आपला चांगलाच.”

“अन् सुधारला तर?”

“तर आपल्याला आणून दाखवतो. पटलं तर आपण ठेवून घेतो.”

अब्बांनी हातातली तार खाली ठेवली. मग म्हणाले, “असं गिऱ्हाईक माझ्या उभ्या जिंदगीत न्हाई आलं.” आणि पुन्हा तार सोडवायला लागले. आम्हाला वाटलं, पटलं. आम्ही जिना चढायला लागलो तेव्हा त्यांनी मला मागून हाक मारली.

“बेटा, एवढं समदं उघडं हाय, तर संध्याकाळी जाताना वर कुलूप कावून लावता?”

माझ्याआधी अझहरच बोलला. “आत पंखा हाय, अब्बा.”

*

सुमित आला तोवर आमचं काम आमच्या पद्धतीनं चाललं होतं. म्हणजे ज्याला जे सुचेल ते तो करायचा आणि मग सगळे मिळून ते दुरुस्त करायचे. सुमितनं पहिल्याच दिवशी सांगितलं की याला पद्धत म्हणत नाहीत. पद्धत म्हणजे अजाइल. त्याचं सर्टिफिकेट त्यातलंच. कामाचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, दोन आठवड्यांत जमतील तेवढे घ्यायचे आणि ते पूर्णच करायचे. या दोन आठवड्यांना म्हणायचं स्प्रिंट. आणि रोज सकाळी सगळ्यांनी उभं राहून एक मीटिंग करायची. उभं अशासाठी, की पाय दुखले म्हणजे माणूस थोडक्यात बोलतो.

पुण्यात तसं होत असेल. आमच्याकडं चौघं उभी दिसली की खालून चहा वर येतो. चहा आला की कप ठेवायला टेबल लागतं, टेबलापाशी गेलं की खुर्ची लागते. जोगदंड सरांचे गुडघे धरलेले, ते तर पहिल्यापासूनच बसलेले असायचे. “मी मनानं उभा आहे,” असं ते सुमितला सांगायचे.

त्या मीटिंगमध्ये प्रत्येकानं तीनच गोष्टी सांगायच्या असतात. काल काय केलं, आज काय करणार आणि अडचण काय. पहिल्या दिवशी सुमितनं अझहरपासून सुरुवात केली.

“काल पाण्याची वाट बघितली,” अझहर म्हणाला. “आज पण बघणार. अडचण अशी हाय की पाणी न्हाई.”

“अझहर, कामाचं सांग.”

“हेच काम हाय ना आपलं?”

सुमितनं वहीत ‘अडचण: पाणी’ असं लिहून घेतलं. त्यात तिसऱ्याच दिवशी मीटिंगच्या मध्येच पाणी आलं आणि आम्ही तिघं आपापल्या घरी पळालो. सुमित एकटा उभा राहिला. परत आल्यावर सरांनीच तोड काढली. शेतात पाण्याच्या पाळ्या असतात, तसं एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंतचा काळ म्हणजे एक स्प्रिंट धरायचा. पाणी आलं की स्प्रिंट संपला.

“पण सर, पाणी कधी येईल ते कुणाला माहीत असतं?” सुमित म्हणाला.

“म्हणून तर ॲप करतोय,” सर म्हणाले.

*

मग पोकरचं प्रकरण झालं. कुठलं काम किती मोठं आहे याचा अंदाज बांधायची अजाइलवाल्यांची एक रीत आहे. प्रत्येकाच्या हातात पत्ते असतात. त्यांवर आकडे असतात, एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा असे. कामाचं नाव वाचलं की प्रत्येकानं आपल्या अंदाजाचा पत्ता निवडायचा आणि सगळ्यांनी एकदम टेबलावर टाकायचा. या प्रकाराला ते पोकर म्हणतात.

सर खाली अब्बांशी गप्पा मारत बसले होते. सुमितनं खिडकीतून हाक मारली, “सर, वर या, पोकर सुरू करतोय.” समोर चहाचं हॉटेल आहे. तिथं तेव्हा बरीच मंडळी बसलेली होती.

तासाभरात एक हवालदार साहेब जिना चढून आले. तोपर्यंत टेबलावर पत्ते पसरलेले होते आणि सर हातातला पत्ता छातीशी धरून बसले होते. साहेबांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं. सरांकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग टेबलावरचे पत्ते उलटे-सुलटे करून पाहिले.

“चव्वा कुठंय?”

“चार नसतो यात, साहेब,” सुमित म्हणाला.

“सत्ता?”

“तोही नसतो.”

“चव्वा, सत्ता काढून खेळता म्हणजे पक्के खेळाडू दिसता.”

सुमितनं मग त्यांना बसवून घेतलं आणि सगळं नीट समजावलं. छोट्या कामाला एक, मोठ्याला आठ, आणि ज्या कामाचा काही अंदाजच लागत नाही त्याला तेरा. साहेबांनी शांतपणे ऐकलं, चहा घेतला, मध्येच एक-दोन शंकाही विचारल्या. जाताना त्यांनी तेराचा पत्ता उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

“याच्यातले एवढेच पत्ते मिळतील का वेगळे?” ते म्हणाले. “आमच्याकडं दुसरा लागत न्हाई.”

*

ॲप कुणासाठी आहे ते विसरू नये म्हणून अजाइलमध्ये प्रत्येक काम वापरणाऱ्याच्या तोंडून लिहितात. ‘अमुक म्हणून मला तमुक हवं, म्हणजे मला असं असं करता येईल.’ सुमित म्हणाला, आपण बसल्या जागी लिहायचं नाही, लोकांना भेटायचं. म्हणून मी त्याला कल्पना सिस्टरांकडं घेऊन गेले. त्या एका खाजगी दवाखान्यात नर्स आहेत, माझ्या आईच्या ओळखीतल्या. राहतात पाण्याच्या टाकीजवळच्या वरच्या गल्लीत. एकट्याच मिळवत्या आणि ड्यूटीची वेळ रोज वेगळी.

“जय भीम, सिस्टर,” मी म्हणाले. “हा सुमित. याला तुमच्याकडून एक वाक्य पाहिजे.”

सुमितनं वाक्य कसं असतं ते सांगितलं. सिस्टरांनी डोळे मिटून, शाळेत कविता म्हणतात तसं म्हटलं, “एक नर्स म्हणून मला पाणी पाहिजे, म्हणजे मला आंघोळ करता येईल.”

“पाणी आपण देत नाही, सिस्टर,” सुमित म्हणाला. “आपण पाणी आल्याचा निरोप देतो.”

“तो आला होता की मागल्या मंगळवारी. मी ड्यूटीवर होते. पाणी येऊन निघून गेलं अन् मग निरोप आला. पेशंटचं बीपी बघत होते, त्याच्यापेक्षा माझं वाढलं.” त्यांनी सुमितकडं रोखून बघितलं. “हे लिव. एक नर्स म्हणून मला पाणी गेल्यावर निरोप नको, म्हणजे मला दिवसभर नीट काम करता येईल.”

सुमितनं तसंच लिहून घेतलं. ते वाक्य आम्ही भिंतीवर लावलं आणि त्यावर खरंच काम केलं. निरोप जायला जो वेळ लागायचा तो अझहरनं जवळजवळ संपवून टाकला. इकडं वरच्या गल्लीत कुणी बटण दाबलं की तिकडं दवाखान्यात सिस्टरांचा फोन वाजायचा, आणि त्या शेजारणीला सांगून घरची मोटार लावून घ्यायच्या. त्यानंतर त्यांचं पाणी कधी चुकलं नाही. आम्हाला फार समाधान वाटलं होतं.

*

कोड उघडा असला की कुठून कुठून माणसं येतात. एकदा उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातल्या माणसानं आमच्या कोडमधली एक जुनी चूक आपण होऊन दुरुस्त करून पाठवली. त्याचं नाव कळलं नाही. फोटोच्या जागी मांजर होतं. आम्ही त्याचे आभार मानले, त्यानं आमचे मानले. मग काही दिवसांनी त्यानं एक लांबलचक सूचना लिहिली. तिचा मथितार्थ असा:

तुमच्या ॲपची मांडणी मुळात उलटी आहे. तुम्ही ‘पाणी नाही’ ही नेहमीची अवस्था धरली आहे आणि पाणी आलं की निरोप पाठवता. खरं तर पाणी हे असतंच. ते बंद झालं तरच लोकांना कळवायला हवं. बहुधा भाषांतरात काहीतरी गफलत झाली असावी. तुमची हरकत नसेल तर मी हे सरळ करून देतो.

अझहर म्हणाला, “करू द्या त्याला. बघू तरी सरळ होतंय का.”

सुमितला वाटलं, हा माणूस चेष्टा करतोय. पण त्यानं आराखडा काढून सोबत कोडही लिहून पाठवला होता, आणि तो बिनचूक होता. शेवटी सर खुर्ची ओढून टाईप करायला बसले. त्यांनी निगुतीनं इंग्रजीत उत्तर लिहिलं. आपली सूचना अत्यंत मोलाची आहे, ती आम्ही पुढच्या कामांच्या यादीत घेतली आहे, आमचं शहरही त्याच दिशेनं प्रयत्न करत आहे, फक्त हा बदल कोडमध्ये कुठं करायचा ते आम्हाला अजून सापडलेलं नाही.

त्यावर लगेच उत्तर आलं. “काही मदत लागली तर सांगा.”

*

ओपन सोर्समध्ये कुणी तुमचा कोड घेऊन आपली वेगळी चूल मांडली तर त्याला फोर्क म्हणतात. केज तालुक्यातल्या नांदूरघाटच्या काही पोरांनी आमचा कोड नेला आणि त्यावर ‘गाडी आली का?’ असं बसचं ॲप केलं. ज्याला बस दिसली त्यानं बटण दाबायचं. सरांना आधी थोडं लागलं. निदान विचारायचं तरी, म्हणाले. मग दुसऱ्या दिवशी त्यांनीच सगळ्यांना चहा पाजला. बीड जिल्ह्यात मोजणीदार आणि वकील न बोलावता झालेली ही पहिलीच वाटणी असावी, असं त्यांचं म्हणणं होतं.

पोरांनी ‘पाणी’ हा शब्द सगळीकडं बदलला, पण एका ठिकाणी खालची ओळ बदलायची राहून गेली. त्यामुळं तिथल्या लोकांच्या फोनवर निरोप यायचा, “गाडी आली. हंडे-कळशा तयार ठेवा.”

आमच्या लक्षात आलं तेव्हा अझहरनं स्वतः ती ओळ काढून दुरुस्ती पाठवली. त्यांनी ती घेतली. आठवडाभरात तिकडून फोन आला की ती ओळ परत द्या.

“कावून बे?” अझहरनं विचारलं.

“लोक म्हणायलेत, हंड्याचं लिवलेलं असलं की गाडी वेळेवर येती.”

*

प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटी मागं वळून बघायची एक मीटिंग असते. काय बरं झालं, काय वाईट झालं, ते मोकळेपणानं बोलायचं. आता चार माणसांत कोण कुणाला तोंडावर वाईट बोलणार? सलग काही वेळा सगळ्यांनी ‘समदं चांगलं हाय’ एवढंच सांगितलं. मग सुमितनं चिठ्ठ्या वाटल्या. नाव लिहू नका, खरं लिहा, कुणी रागावणार नाही.

चिठ्ठ्या जमा झाल्या. सुमितनं त्या एकदा वाचून दाखवायला सरांच्या हातात दिल्या. सरांची आयुष्यभराची सवय. त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं. एका चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘सुमीत लइ बोलतो.’ सरांनी ‘सुमीत’चा ऱ्हस्व-दीर्घ सुधारला, ‘लइ’ खोडून ‘अतिशय’ केलं, आणि पुढं छोटीशी बरोबरची खूण केली.

सुमित त्या दिवशी खरंच रागावला नाही. फक्त त्यानं विचारलं, “सर, ही खूण शुद्धलेखनाला आहे की मजकुराला?”

सरांनी पेनाला टोपण लावलं आणि पुढची चिठ्ठी घेतली.

*

हे एवढं मात्र हसत सांगता येत नाही, तरी सांगते. कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ॲप चांगलं चालायला लागलं होतं. सुमित एका सकाळी आलेख घेऊन आला. वरच्या गल्लीत जवळपास प्रत्येक घरात ॲप पोचलं होतं. पाणी आल्याचा निरोप गेला की काही क्षणांत सगळे ते उघडत होते. सुमितनं तो आलेख भिंतीवर लावला आणि नेहमीप्रमाणं मीटिंग सुरू केली. अझहरची पाळी आली.

“काल जुनं काम संपवलं,” तो म्हणाला. “आज नवीन घेतो. अडचण म्हणजे, ॲप चालू झाल्यापासून आमच्या गल्लीला पाणीच येत न्हाई.”

अझहरचं घर खालच्या गल्लीत, पाईपलाईनच्या पार टोकाला. पूर्वी पाणी यायचं तेव्हा वरच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना कळायचंच नाही. कुणी कामावर, कुणी बाजारात. ते पाणी सरकत सरकत खाली यायचं. आता कुणाचंच चुकत नव्हतं. निरोप गेला की वरच्या गल्लीत सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू व्हायच्या आणि खालच्या नळांना नुसती हवा यायची. त्या मोटारी तरी कुणी भरलेल्या? अब्बांनी. बाप मोटारी दुरुस्त करून देत होता, मुलगा त्या कधी लावायच्या ते सांगत होता, आणि अम्मी घरी कोरड्या नळाखाली पातेलं धरून बसत होती.

“घरी काय म्हणतात?” मी विचारलं.

“अम्मी म्हणती, तुज्या ॲपनं आपलं पाणी खाल्लं. अब्बा काही म्हणत न्हाईत.”

सुमितचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “पण ही चूक नाहीये, अझहर. ॲप ज्यासाठी केलंय तेच ते करतंय.”

“मी पण तेच म्हणायलोय,” अझहर म्हणाला.

मी म्हणाले, वरच्या गल्लीचा निरोप थोडा उशिरा पाठवू. कुणाला कळणार आहे? सरांनी मान हलवली. कोड उघडा आहे, आपण काय केलं ते दुसऱ्या दिवशी जगाला दिसेल. आणि दिसू द्यायचं नसेल तर मग त्याला उघडं कशाला म्हणायचं? विचारायचं तर सरळ विचारू. म्हणून आम्ही ॲपमध्येच सगळ्यांना विचारलं: खालच्या गल्लीला पाणी पोचावं म्हणून वरच्या गल्लीला निरोप थोडा उशिरा दिला तर चालेल का?

उत्तरं भराभर आली. एकानं लिहिलं, “आमी टाकीजवळ घर घेतलं ते काय हवा खायला?” दुसऱ्यानं लिहिलं, “आधी शेजाऱ्यानं मोटार बंद ठेवावी, मग मी ठेवतो.” त्या शेजाऱ्यानंही खाली अगदी तेच लिहिलं होतं. कल्पना सिस्टरांनी फक्त लिहिलं, “विचार करते.”

आम्ही ते काम पोकरला घेतलं. चौघांनी एकदम पत्ते टाकले. चारही तेरा. काम यादीच्या तळाला गेलं. अझहरनं लॅपटॉप उघडला आणि त्या दिवशी निरोप आणखी थोडा लवकर जाईल अशी एक दुरुस्ती पूर्ण केली, कारण स्प्रिंटमध्ये त्याच्या वाट्याला तीच आली होती. मला त्याच्याकडं बघवलं नाही.

*

मे महिन्यात अझहरच्या बहिणीचं, शबानाचं लग्न होतं. गल्लीतच मांडव, गल्लीतच स्वयंपाक. पत्रिका वरच्या गल्लीतल्या अब्बांच्या गिऱ्हाइकांकडंही गेल्या होत्या. पाण्यासाठी टँकर सांगून ठेवलेला. मी आणि सुमित सकाळीच गेलो. सर आमच्याआधी येऊन, सफारी घालून, मांडवात पुढच्या खुर्चीवर बसले होते.

टँकर आलेला नव्हता. त्याचा फोनही लागत नव्हता. एक जण म्हणत होता की तो चौसाळ्याजवळ बंद पडलाय, दुसरा म्हणत होता की तो दुसऱ्याच लग्नाला गेला. भाताच्या मोठाल्या देगा मांडलेल्या होत्या, तांदूळ निवडून ठेवलेले होते, आणि आचारी गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. रिकामे ड्रम ओळीनं उभे होते. अम्मी एकेका ड्रमचं झाकण उघडून बघत होत्या. अब्बा मांडवाच्या तोंडाशी उभे राहून पाहुण्यांना सलाम करत होते, पण प्रत्येक गाडीच्या आवाजाला त्यांची मान रस्त्याकडं वळत होती. नवरीकडच्या बायका हळू आवाजात कुठून कुठून घागरी मिळतील त्याचा हिशेब करत होत्या. अझहर नवे कपडे घालून तीनदा चौकापर्यंत जाऊन आला.

मग कुणाच्या तरी अंगणातून आरडाओरडा झाला. आम्हाला वाटलं भांडण लागलं. धावत गेलो तर नळाला लावलेला पाईप सापासारखा उडत होता आणि दोन बायका त्याला धरायला बघत होत्या. पाणी आलं होतं. त्या गल्लीत मी असलं पाणी कधी पाहिलं नव्हतं. पाईप ड्रममध्ये घातला तर ड्रम हलायला लागला. एक भरला, दुसरा भरला. आचारी उठले. अम्मी नळाजवळ येऊन उभ्या राहिल्या, पाण्याखाली हात धरला आणि तसाच धरून ठेवला.

मी सवयीनं फोन काढला. ॲपमध्ये काहीच नव्हतं. पाणी इथं यायचं तर आधी वरच्या गल्लीत येतं, आणि तिथून एकानंही ‘आलं’ दाबलेलं नव्हतं.

“बंद पडलं वाटतं,” अझहर माझ्या खांद्यावरून बघत म्हणाला. “आजच पडायचं होतं.”

“तू जा, पाहुण्यांकडं बघ. आम्ही बघतो,” मी म्हणाले.

सुमितनं मांडवातल्या खुर्चीवर लॅपटॉप उघडला. ॲपच्या आतल्या नोंदी वर-खाली करून बघितल्या. मग हळू आवाजात म्हणाला, “बंद नाहीये. वरच्या गल्लीतले सगळे ॲप उघडतायत. आत्तासुद्धा उघडून बघतायत. बटण कुणी दाबत नाहीये.”

सरांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. 

अब्बा आमच्याजवळ आले. त्यांनी वरच्या गल्लीच्या दिशेला कान दिला. तिकडून एरवी पाण्याच्या वेळी मोटारींची घरघर येते. “एक पण मोटार चालू न्हाई,” ते म्हणाले. “समद्या एकदम जळाल्या का काय? उद्या दुकानात बसायला जागा पुरायची न्हाई.”

मी मांडवाच्या कडेला जाऊन कल्पना सिस्टरांना फोन लावला.

“जय भीम, सिस्टर. पाणी आलं का तुमच्याकडं?”

“न्हाई बाई. अजून तरी न्हाई.”

त्यांच्या आवाजामागं हंड्यात पडणाऱ्या पाण्याची बारीक धार ऐकू येत होती. हंडा भरत आला की आवाज बदलतो, तसा तो बदलला. मग कुणीतरी हंडा बाजूला ओढला आणि दुसरा ठेवला.

“सिस्टर, आवाज येतोय पाण्याचा.”

धारेचा आवाज आणखी बारीक झाला.

“पाऊस लागलाय इकडं,” त्या म्हणाल्या.

मी मांडवातून बाहेर आले. डोक्यावर मे महिन्याचं ऊन होतं. सिस्टरांची गल्ली तिथून दिसते. तिच्यावरही तेच होतं.

“फार जोराचा आहे का?” मी विचारलं.

“जोराचा न्हाई. पण चालंल बराच वेळ. तू जेवून घे.”